आधी गाव सांगा, मग बटण दाबा: नव्यानं व्हिडिओ टाकणाऱ्या सोलापूरकरांसाठी

आजवर फक्त दुसऱ्यांचे व्हिडिओ पाहिले आणि आता स्वतःचा एखादा टाकावासा वाटतोय, अशा माणसासाठी हे लिहितोय. चाटी गल्लीतला साडी दुकानदार असेल, पूर्व भागातल्या बचत गटातली ताई असेल, गड्ड्याला, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेला, पहिल्यांदाच स्वतःचा फोन घेऊन निघालेला अकरावीचा पोरगा असेल. आणि स्वतः काही न बनवता घरच्या ग्रुपवर रोज क्लिपा पुढे पाठवणारे मामाही यात आले. व्हिडिओ पसरतो तो बनवणाऱ्यापेक्षा पाठवणाऱ्यांच्या जोरावर.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. व्हिडिओ तुमच्या हातातून सुटला की तो एकटा जातो. खाली लिहिलेलं वर्णन, तुमचं नाव, ‘हा मागच्या वर्षीचा आहे’ ही तळटीप, यातलं काहीही त्याच्यासोबत जाईल याची खात्री नसते. कुणीतरी तो उतरवून घेतो, व्हॉट्सॲपवर टाकतो, तिथून तो तिसऱ्याच जिल्ह्यात पोचतो. उरतं ते फक्त चित्र आणि आवाज. म्हणून कुठला, कधीचा, कशाचा, हे चित्रात आणि आवाजातच असायला हवं.

हे एवढं मनावर का घ्यायचं

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात जमावानं पाच जणांना बेदम मारून ठार केलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे ते लोक. त्यांतले बहुतेक आपल्याच मंगळवेढा तालुक्यातले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, ही अफवा त्याआधी व्हॉट्सॲपवरून पसरत होती. ज्यांनी ती पुढे पाठवली त्यांतल्या बहुतेकांना आपण सावध करतोय, चांगलंच काम करतोय, असं वाटलं असणार. सोलापूरच्या माणसासाठी हा विषय म्हणूनच लांबचा नाही.

त्याच वर्षी देशभर फिरलेली एक क्लिप पाहा. मोटारसायकलवरचे दोघं रस्त्यात खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात, क्लिप संपते. ती मुळात कराचीतल्या एका जनजागृती मोहिमेची फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये ते दोघं पोराला परत आणून सोडतात आणि पालकांनी सावध राहावं असा फलक दाखवतात. हा शेवट कापला गेला आणि कापलेली क्लिप आपल्याकडचीच म्हणून फिरली. बनवणाऱ्यांनी खुलासा केला होता, पण तो सगळ्यात शेवटी ठेवला होता. शेवट कापणं सगळ्यात सोपं असतं. चौथ्या पायरीत याचा उपयोग होईल.

जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. एप्रिल २०२० पासून, खूप हातांतून गेलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. याचा उपयोग होतोच, पण मर्यादेनं वेग कमी होतो, चूक दुरुस्त होत नाही.

पहिली पायरी: काय दाखवायचं ते एका वाक्यात बसवा

‘आमचं सोलापूर’ हा विषय नाही. ‘जेकार्डच्या मागावर चादरीची नक्षी कशी उतरते’ हा विषय आहे. ‘शेंगा उखळात कुटल्या की चटणीला तेल कसं सुटतं’ हा आहे. ‘कडक भाकरी कडक कशी होते’ हाही आहे. वाक्य सापडत नसेल तर फोन खिशात राहू द्या आणि आधी थोडा वेळ नुसतं बघा. चांगले व्हिडिओ बघण्यातून येतात.

दुसरी पायरी: चित्रीकरण

रील किंवा शॉर्टसाठी फोन उभा धरा, यूट्यूबवर मोठा व्हिडिओ टाकायचा असेल तर आडवा. आपल्या गड्ड्याला उभी चौकट फार शोभते. नंदीध्वज मुळातच उंच, तो पेलणारे बाराबंदीतले मानकरी खाली, वर साज आणि आभाळ. आडव्या चौकटीत ध्वजाचा शेंडा तरी कापला जातो नाहीतर माणसं मुंगीएवढी होतात. मिरवणुकीत ध्वजाच्या पुढेपुढे पळू नका. पेलणाऱ्याचं सगळं लक्ष तोलाकडे असतं, मध्ये आलेला माणूस त्यांनाही धोका आणि स्वतःलाही. एक जागा धरून थांबा आणि ध्वज तुमच्याकडे येऊ द्या. ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ हा गजर जवळ येताना वाढत जातो, तो तसाच ठेवा, त्यावर गाणं चढवू नका. ऐकणाऱ्या सोलापूरकराला त्या गजरावरूनच जागा कळते.

आता मुद्द्याचं. चित्रीकरणाच्या सुरुवातीच्या दहा सेकंदांत तोंडानं जागा, महिना आणि वर्ष बोला. ‘होम मैदान, सोलापूर, जानेवारी’ आणि पुढं वर्ष, एवढंच. शक्य असेल तर पहिल्याच चित्रात ओळखू येणारं काहीतरी घ्या: सिद्धेश्वर तलाव आणि मंदिर, भुईकोटाचा बुरूज, दुकानाची पाटी, एसटीचा फलक. यूट्यूबवरचा सगळ्यात पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ रोजी टाकला गेला, जेमतेम १९ सेकंदांचा. त्यातला तरुण प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभा राहतो आणि आपण हत्तींपुढे उभे आहोत, हेच पहिल्या वाक्यात सांगतो. चित्रीकरणाचं कसब त्यात काहीच नाही, पण इतक्या वर्षांनीही तो कुठला आहे याबद्दल कुणाच्या मनात गोंधळ नाही.

आवाजाकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात. यंत्रमागाच्या कारखान्यात आत उभं राहून बोललात तर एक शब्द कळणार नाही. आत फक्त मागाचा खडखडाट पाच-सात सेकंद घ्या, बोलणं बाहेर येऊन वेगळं रेकॉर्ड करा आणि नंतर चित्रावर बसवा. मागमालकाची किंवा कामगाराची मुलाखतही बाहेरच, चहाच्या टपरीपासूनही जरा लांब. स्वयंपाकघरात याच्या उलट. तिथं उखळातला ठोका, तव्यावर भाकरी टाकल्याचा आवाज हाच माल आहे. मिक्सर आणि टीव्ही तेवढे बंद ठेवायला सांगा.

उजेडासाठी खिडकीकडे पाठ करून तुम्ही उभे राहा, म्हणजे समोरच्यावर उजेड पडतो. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे उन्हात फोन इतका तापतो की कॅमेरा आपोआप बंद होतो, तेव्हा बाहेरचं काम सकाळीच उरका. सुरुवातीला लेन्स रुमालानं पुसा. अर्ध्या अंधुक व्हिडिओंचं कारण तेवढंच असतं.

गड्ड्यासारख्या गर्दीत नेटवर्क कोलमडतं. तिथंच उभं राहून अपलोड होतंय का बघत बसू नका, घरी येऊन टाका. घरी शांतपणे बघताना नको ते चित्रात आलंय का तेही कळतं.

तिसरी पायरी: विचारा, आणि नीट विचारा

सार्वजनिक जागी गर्दीचं चित्र घेणं वेगळं आणि एका माणसाचा चेहरा, हात, घर घेणं वेगळं. पूर्व भागात घराच्या उंबऱ्यात बसून विड्या वळणाऱ्या बाया दिसतात. चित्र म्हणून ते सुंदर दिसतं यात शंका नाही. पण ते त्यांचं घर आहे, त्यांची मजुरी आहे, आणि आपण कसे दिसावं हे ठरवायचा हक्क त्यांचा आहे. असं विचारा:

‘मावशी, तुम्ही वळताना हात तेवढे फोनमध्ये घेऊ का? यूट्यूबवर टाकणार आहे, कुणालाही दिसंल. नको वाटलं तर नाही घेत.’

‘कुणालाही दिसंल’ हे वाक्य गाळू नका. पुष्कळ जणींना वाटतं की पोरगा स्वतःच्या फोनात ठेवील, फार तर घरच्यांना दाखवील. हजारो अनोळखी माणसं बघतील, खाली काहीबाही लिहितील, हे कळल्यावर दिलेला होकार तोच होकार. मावशी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या असतील आणि तुम्हाला येत नसेल तर शेजारच्या पोराला मध्ये घ्या. या शहरात अशा कामाला माणूस मिळायला वेळ लागत नाही. काढून झालं की तिथंच क्लिप दाखवा. नको म्हणाल्या तर त्यांच्यासमोर डिलीट करा, आणि ‘नुकतंच हटवलेले’ या फोल्डरमधूनही काढा, कारण तिथं ती काही दिवस तशीच राहते.

लहान मुलांच्या बाबतीत आईबापांना विचारल्याशिवाय काही नाही. गणवेश चित्रात आला की शाळा कळते, रिक्षा आली की येण्याजाण्याची वेळ कळते. चेहरा झाकला तरी ही माहिती तशीच राहते.

चौथी पायरी: कापणं आणि लिहिणं

फोनमधल्या कुठल्याही साध्या ॲपवर कापाकापी होते. सुरुवातीचा ‘नमस्कार मित्रांनो’ कापा. लोक पहिल्या दोन-तीन सेकंदांत थांबायचं की पुढे सरकायचं ते ठरवतात, म्हणून सगळ्यात बोलकं दृश्य पुढे आणा.

मग जागा आणि तारीख अक्षरांत लिहा. सुरुवातीच्या पाटीवर नाही, शेवटच्या पाटीवर तर नाहीच. व्हिडिओ सुरू असेपर्यंत चौकटीच्या आत, मधल्या भागाच्या जरा वर किंवा खाली, छोट्या अक्षरांत: ‘हिप्परगा तलाव, उत्तर सोलापूर’ आणि खाली महिना-वर्ष. अगदी कडेला लिहिलं तर ॲपची बटणं आणि नावं त्यावर येतात, आणि कडा कापून पुन्हा टाकणाऱ्याला ते काढणंही सोपं जातं. मधल्या भागातलं लिहिलेलं काढायचं तर चित्रच खराब होतं. कराचीच्या फिल्ममध्ये प्रत्येक दृश्यावर ‘जनजागृतीसाठी केलेले दृश्य’ असं असतं तर तिचा असा गैरवापर करणं खूप अवघड गेलं असतं. तुम्ही नाटुकलं करत असाल, चोरीचा, भांडणाचा, भुताचा प्रसंग उभा करत असाल, तर तुमच्यासाठी ही अट सगळ्यात कडक आहे. एआयनं बनवलेलं चित्र किंवा आवाज वापरला असेल तर तेही तसंच चित्रावर लिहा.

बोलणं मराठीत असलं तरी खाली अक्षरं द्या. एसटीत, दवाखान्यात लोक आवाज बंद ठेवून बघतात. तुमचा बघणारा अक्कलकोटचा, गुलबर्ग्याचा किंवा हैदराबादला गेलेला पद्मशाली (तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजातला) असेल तर एक ओळ कन्नडमध्ये किंवा तेलुगूमध्ये दिली की तो थांबतोच. मात्र ती ओळ ती भाषा येणाऱ्याकडून तपासून घ्या.

गाणं वापरायचं तर ॲपच्या आत दिलेल्या संगीतातलंच घ्या. दुकानाचं बिझनेस खातं असेल तर इन्स्टाग्रामवर त्याला गाण्यांचा साठा कमी मिळतो, त्याला कारण स्वामित्वहक्क. यूट्यूबवर दुसऱ्याचं संगीत यंत्रणा आपोआप ओळखते, आणि ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक आले तर चॅनेल बंद होऊ शकतं. मागाचा आवाज, गजर, बाजारातली हाळी यांना कुणाची परवानगी लागत नाही आणि ते फक्त तुमच्याकडे आहेत.

पाचवी पायरी: टाकणं

रील किंवा शॉर्ट आधी थोड्या लोकांपुढे जाते. ते किती वेळ थांबतात, पुन्हा बघतात का, कुणाला पाठवतात का, यावर ती पुढच्या लोकांपुढे न्यायची की नाही हे यंत्रणा ठरवते. म्हणजे तुमचे फॉलोअर कमी असले तरी व्हिडिओ लांब जाऊ शकतो, आणि पुष्कळ असले तरी पडू शकतो. खरं-खोटं मात्र या यंत्रणेला कळत नाही. राग आणि भीती माणसाला थांबवते, म्हणून रागाचे आणि भीतीचे व्हिडिओ जोरात पळतात. हे माहीत असूनही तो रस्ता धरू नका, असं मी नव्या प्रत्येकाला सांगतो. व्ह्यूज आणि फॉलोअर विकणाऱ्यांकडेही जाऊ नका. त्या खोट्या खात्यांपैकी कुणी तुमची चटणी विकत घेणार नाही.

नातेवाइकांना, ग्रुपला सांगताना व्हिडिओची फाइल टाकू नका, लिंक टाका. या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. फाइल गेली की ती प्रत्येकाच्या फोनात वेगळी होते, वर्णन गळतं, दर्जाही उतरतो. लिंक मूळ जागीच घेऊन येते. वर्णनात दुरुस्ती केली तर सगळ्यांना दुरुस्त केलेलं दिसतं, व्हिडिओ काढून टाकला तर सगळीकडून जातो. ज्याला मूळ दर्जाची फाइल खरोखरच हवी आहे, उदाहरणार्थ लग्नाचा व्हिडिओ, त्याला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

सहावी पायरी: दुसऱ्याचा व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी

मेसेजवर दोन बाणांची खूण असेल तर तो निदान पाच हातांतून तुमच्यापर्यंत आलाय. म्हणजे खोटा असं नाही. पण पाठवणाऱ्याला त्यातलं काही ठाऊक असण्याची शक्यता नाहीशी झाली आहे, एवढं नक्की. ‘आमच्या ओळखीच्यानं पाठवलाय’ याला इथं काही अर्थ उरत नाही.

मग काय बघायचं? आधी गाड्यांच्या पाट्या. एमएच १३ म्हणजे सोलापूर, एमएच ४५ म्हणजे अकलूजकडचं. बाहेरची गाडी आपल्या रस्त्यावर असतेच, पण शहरातल्या सात रस्ता चौकातली घटना म्हणून आलेल्या क्लिपमध्ये एकही एमएच १३ नसेल तर थांबायला हवं. दुकानांच्या पाट्या कुठल्या लिपीत आहेत? माणसं कशी बोलतात? नुसतं ‘मराठी आहे’ यावर थांबू नका. सोलापूरची बोली कानाला लगेच कळते, ‘काय करायलाव’ म्हणणारा माणूस नाशिकचा नसतो. आवाज मुद्दाम बंद केलेला किंवा गाणं चढवलेला व्हिडिओ असेल तर जास्तच सावध राहा, कारण ओळख पटवणारा भागच काढलेला असतो.

पावसाळ्यात पुराच्या क्लिपा येतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला, माढा, मोहोळ, करमाळा आणि शहराच्या जवळच्या तालुक्यांतली गावं पाण्याखाली गेली. अशा वेळी चुकीच्या क्लिपनं माणसं नको त्या रस्त्यानं निघतात, किंवा खरा इशाराही खोटा समजून घरीच थांबतात. उजनीचं पाणी सोडलं म्हणून क्लिप आली तर लक्षात ठेवा, उजनीला ४१ दरवाजे आहेत, त्यांची रांगच्या रांग दिसते. उंच डोंगरांच्या मधल्या खिंडीत सात-आठ दरवाज्यांचं धरण दिसत असेल तर ते उजनी नाही. आणि सगळ्यात साधी गोष्ट: त्या गावात पाहुणे असतील तर फोन करा. सोलापूर जिल्ह्यात कुणाचं कुणी नाही असं गाव सापडणं कठीण.

तंत्राची एक युक्ती शिकून घ्या. क्लिप थांबवा, स्क्रीनशॉट काढा, तो गूगल लेन्समध्ये टाका. तेच चित्र तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या राज्यातल्या बातमीत आलेलं असेल तर बहुतेक वेळा तिथंच सापडतं. एका चित्रानं जमलं नाही तर क्लिपमधली दुसरी दोन चित्रं टाका, पाटी किंवा इमारत स्पष्ट दिसणारी निवडा.

आणखी एक खूण मोठ्या घटनांसाठी. १५ जून २०२३ रोजी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली. विमानसेवेच्या आड येते म्हणून वर्षानुवर्षं चाललेला तो वाद होता, शहरातल्या प्रत्येक घरात त्यावर बोललं गेलं होतं. चिमणी कोसळतानाचे व्हिडिओ वेगवेगळ्या बाजूंनी काढलेले होते, वर्तमानपत्रं आणि वाहिन्या हजर होत्या. भरदिवसा, भरवस्तीत घडलेल्या खऱ्या मोठ्या घटनेला अनेक डोळे असतात. शहराच्या मध्यभागी काही भयंकर घडलं म्हणून सांगणारी एकच अंधुक क्लिप असेल आणि तासाभरातही दुसऱ्या बाजूचं काहीच येत नसेल तर ती पाठवू नका.

घरातल्या मोठ्यांनी चुकीची क्लिप टाकली तर ग्रुपवर सगळ्यांसमोर दुरुस्त करू नका. त्यांचा मान जातो आणि ते क्लिपची बाजू घेऊन बसतात. वेगळा मेसेज करा: ‘मामा, ती क्लिप मी शोधली, दुसऱ्या राज्यातली जुनी निघाली. तुम्हीच ग्रुपवर सांगा ना, तुमचं सगळे ऐकतात.’ मामा सांगतात. दोन-तीनदा असं झालं की ते टाकायच्या आधी तुम्हालाच विचारू लागतात.

सातवी पायरी: जे काढायचंच नाही

अपघात दिसला तर फोन १०८ किंवा ११२ लावण्यासाठी बाहेर काढा. पुणे रोड, हैदराबाद रोड, विजापूर रोड, आपण सगळे या रस्त्यांवर रोज असतो. मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यांत अडकवू नये यासाठी मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं संरक्षण दिलंय, तेव्हा त्या भीतीनं मागे राहू नका. जखमीचा, मृताचा चेहरा काढू नका आणि आलेला पुढे पाठवू नका. घरच्यांना ती बातमी फोनवरच्या क्लिपमधून कळणं यासारखं क्रौर्य नाही.

लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे, मूल असेल तर पॉक्सो आणि बाल न्याय कायदाही लागतो. ‘न्याय मिळावा म्हणून’ नाव-फोटो टाकला, ही सबब चालत नाही. कुणाच्या परवानगीशिवाय त्याच्या शरीराच्या खासगी भागाचं चित्र काढणं किंवा पसरवणं, यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पुढे पाठवणाराही पसरवणाराच असतो.

जोडपी, भांडणं, दारूच्या नशेत पडलेला माणूस, परीक्षेत नापास होऊन रडणारी मुलगी, यांच्यासाठी कायद्याची कलमं शोधत बसायची गरज नाही. काढू नका.

आठवी पायरी: व्हायरल झालाच तर

पहिले दोन दिवस फोन थांबत नाही. सगळ्या कमेंटना उत्तर द्यायला जाऊ नका. एक कमेंट स्वतः लिहून सगळ्यात वर पिन करा: कुठलं, कधीचं, चित्रात कोण आहे, वस्तू कुठं मिळते. व्हिडिओतल्या मावशींना आधी फोन करून सांगा, त्यांना शेजारणीकडून कळायला नको. त्यांच्यावर कुणी घाण लिहिलं तर ते लगेच काढा, आणि वाढलं तर कमेंट बंद करा. चार व्ह्यूज कमी झाले तर झाले.

वर्तमानपत्रं, वाहिन्या, मोठी पेजेस व्हिडिओ मागतील. नाव द्या म्हणून आधी सांगा, आणि चित्रावरची जागा-तारीख काढू नका हेही लेखी सांगा, मेसेजवर चालेल. न विचारता उचलला तर त्या ॲपवरच कॉपीराइट तक्रारीचा अर्ज असतो, तो भरा.

पैशाचं थोडक्यात. यूट्यूबवर जाहिरातींतला वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं जाणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज लागतात. एका व्हायरल व्हिडिओनं घर चालत नाही. चटणीच्या, चादरीच्या ऑर्डरी मात्र एका व्हिडिओनंही येतात, तर वर्णनात दुकानाचा नंबर द्या, घरातला खासगी नंबर नको.

याच दिवसांत फसवणारे येतात. ‘तुमच्यावर कॉपीराइट नोटीस आहे, या लिंकवर लॉगिन करा’, ‘ब्लू टिक देतो, ओटीपी सांगा’. लॉगिन करू नका, सांगू नका. दोन टप्प्यांची पडताळणी आजच सुरू करा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा, जितका उशीर तितके पैसे परत मिळणं अवघड. हा आकडा सोलापूरकराला पाठ करावा लागत नाही, मे १९३० मध्ये इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉचं वर्षच ते. इतर सायबर तक्रारी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर करता येतात. तक्रारीआधी लिंक, खात्याचं नाव आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट जपून ठेवा. कुणी तुमची खासगी क्लिप पसरवायची धमकी देत असेल तर त्याला पैसे देऊ नका, पोलिसांकडे जा. प्रौढांसाठी स्टॉपएनसीआयआय डॉट ओआरजी ही सोयही आहे. तिथं क्लिप कुठं पाठवावी लागत नाही, तुमच्याच फोनवर तिचा डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या तो जुळवून क्लिप अडवतात.

व्हिडिओत माहिती चुकली असेल तर व्हिडिओ गुपचूप काढून मोकळे होऊ नका. वर्णनात आणि पिन केलेल्या कमेंटमध्ये काय चुकलं, बरोबर काय, ते लिहा. ज्या ग्रुपांवर पाठवला तिथंच दुरुस्ती पाठवा. व्हॉट्सॲपवर सगळ्यांसाठी डिलीट करायची मुदत साधारण अडीच दिवस असते, पण त्याआधी ज्यांनी पुढे पाठवला त्यांच्याकडची प्रत तशीच राहते. तेव्हा दुरुस्तीचा मेसेज असा लिहा की तोही पुढे पाठवता येईल: चुकलेलं वाक्य, बरोबर वाक्य, जागा, तारीख, आणि मूळ लिंक.

आणि मूळ फाइल

कॅमेऱ्यातून निघालेली, न कापलेली फाइल कधीही डिलीट करू नका. तिच्यात चित्रीकरणाची तारीख आणि वेळ असते, लोकेशन चालू असेल तर जागाही. व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ म्हणून आलेल्या प्रतीत हे उरत नाही. उद्या कुणी तुमचा गड्ड्याचा व्हिडिओ दुसऱ्याच गावातल्या दंगलीचा म्हणून फिरवला, तर तो तुमचाच आहे आणि त्या दिवशीचाच आहे हे त्या फाइलवरूनच दाखवता येईल. फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस, मग गाव, मग विषय लिहा. महिन्यातून एकदा पेन ड्राइव्हवर किंवा संगणकावर प्रत काढा, आणि फोन विकायच्या किंवा बदलायच्या आधी तर नक्कीच. ज्यांची परवानगी घेतली त्यांचा होकाराचा मेसेज किंवा आवाजही त्याच फोल्डरमध्ये ठेवा.